फळलेली अरदास

गुरुद्वाऱ्याचे भाई मग्घर सिंग अरदास, म्हणजे प्रार्थना, करायला उभे राहिले की गाव म्हणायचं, कॅनडाच्या व्हिसावर शिक्का उठलाच म्हणून समजा. नको नको म्हटलं तरी पोरं गुरुद्वाऱ्यात खेळण्यातली विमानं वाहून जायची. ती आता कपाटावर मावेनाशी झाली होती.

वैशाखीला बचिंत कौर नातवासाठी आली. "तेवढा एकच जवान पोर उरलाय गावात, भाईजी. त्याचंही होऊन जाऊ दे."

भाईजींनी ग्रंथसाहिबांपुढे हात जोडले, नवतेजचं नाव खणखणीत उच्चारलं आणि शेवटी, रोजच्यासारखं, सगळ्यांचं भलं मागितलं. महिन्याभरात नवतेज उडाला.

पौषातल्या धुक्यात म्हातारी काठी टेकत पुन्हा आली. लंगरच्या पंगतीला ती आणि भाईजी, दोघंच. डाळ-रोटी खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "भाईजी, आज एक अरदास माझ्यासाठी करा."

"आता आणखी कुणाला पाठवायचंय, बीबी?"

"मलाच. आणि मला विमान नको. खांदा द्यायला चार माणसं मिळाली की झालं."

भाईजी हसायला गेले, पण हसू फुटलं नाही. ते उभे राहिले, डोळे मिटले, तिचं नाव घेतलं. आवाज तोच होता, शब्दही तेच होते. पण ही अरदास काही फळायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आधीची एकूण एक फळली होती.