साबणातला राजा

उद्या निकानोर मेक्सिकोच्या शाही टांकसाळीत ठसे कोरणारा म्हणून कायम व्हायचा होता, आणि आज त्याला शिकवणारे उस्तादच शिपाई घेऊन घरझडतीला आले होते. टांकसाळीबाहेर राजाचा चेहरा कोरणाऱ्याला फाशी होती. दार वाजताच त्यानं सरावासाठी कोरलेली साबणाची वडी धुण्याच्या पाण्यात चोळून गुळगुळीत केली. उस्तादांनी पेटी, अंथरूण, सगळं उपसलं. काही सापडलं नाही. “दमलात मालक, दोन घास खा,” म्हणत आईनं तव्यावरची मक्याची भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. तेव्हा कुठे निकानोरला आठवलं. ठसा कसा उमटतो पाहायला त्यानं वडी कच्च्या भाकरीवर दाबली होती! भाकरीच्या मधोमध राजा उमटला होता. उस्ताद बघतच राहिले. शिपायानं मान उंचावली, तशी त्यांनी भाकरी दुमडून तोंडात कोंबली. “नाक जाड झालंय,” ते चावत पुटपुटले. “उद्या लवकर ये.”