दोन पावलं बाजूला

"रेफरी, डोळे घरी ठेवलेस का गं?" पायऱ्यांवरून पोरी ओरडल्या. पहिल्यांदाच शिट्टी हाती आलेली शर्वाणी बास्केटबॉलचा अर्धा सामना खेळाडूंच्या पाठीच बघत होती.

मध्यंतरात सर म्हणाले, "चेंडूमागे पळू नकोस, बाळ. चेंडू असलेली आणि तिला अडवणारी, दोघींमधली फट दिसेल तिथे उभी राहा."

शेवटचे पाच सेकंद. एका गुणाने पिछाडीवर असलेली शर्वाणीची सख्खी ताई बास्केटकडे झेपावली आणि समोरची उंच पोरगी आडवी आली. शर्वाणी दोन पावलं बाजूला सरकली, तर काय! दोघींमधून लख्ख उजेड! पोरीचा हात फक्त चेंडूला लागला होता.

ताई मात्र धाडकन पडली. "फाउल! शरू, वाजव ना!"

शर्वाणीने शिट्टी वाजवली नाही. वेळ संपली, ताई हरली. धूळ झटकत उठली, फिसकन हसली. "माझ्या नाटकाला सगळे फसतात! मेले, तुला कसं दिसलं?"

शर्वाणीचे पाय जमिनीवर ठरेनात.