पोचे

सुधारगृहातून गॅरेजात आलेल्या प्रत्येकाच्या हाती उस्ताद पहिल्याच दिवशी पहार देत आणि एक भंगार गाडी दाखवत. "हवी तेवढी फोड. पण जे मोडशील, ते तूच जोडायचं."

शेजाऱ्याचं डोकं फोडून आलेल्या पोरीने गाडीची एक काच शिल्लक ठेवली नाही, एक पत्रा सरळ ठेवला नाही. मग वर्षभर शिव्या घालत त्याच गाडीचे पोचे काढत बसली.

गाडी सुरू झाली त्या दिवशी पोरीचा बाप तिला ओढून न्यायला उगवला. ती नाही म्हणाली, तशी त्याने केस धरून तिचं तोंड तिनेच सरळ केलेल्या बॉनेटवर आपटलं. दात पडला. उस्तादांचं टाळकं सटकलं. त्यांनी पहार उचलून बापाच्या डोक्यावर उगारली.

रक्ताळल्या तोंडाने पोरीने त्यांचा हात धरला.


"सोडा, उस्ताद. हे मोडलं तर तुम्हाला जोडता यायचं नाही."