ग्रेमची स्क्रिप्ट

फाइलीत आकडे होते, पण सगळे पूर्णांक. त्र्याऐंशी. एकोणऐंशी. एकाहत्तर. मेरेनने डोळे चोळले. अंटार्क्टिकाचा बर्फ असा शिस्तीत वितळत नाही. त्याच्या जाडीला दशांशचिन्हापुढे सहा घरं लागतात. अकरा दिवस महासंगणक तिचं दळण दळत होता, आणि डब्यात भलतंच पीठ पडलं होतं. अकरा वाजता समिती बसणार होती. बर्फाचे आकडे दाखवले तर नोकरीला तीन वर्षांची मुदतवाढ, नाहीतर शुक्रवारी टेबल रिकामं.

एरवी ती आकडे बघायचीच नाही, थेट आलेख काढायची. आज आलेखाचा प्रोग्रॅम उघडेना, म्हणून वाचायची वेळ आली.

तिने महासंगणक सांभाळणाऱ्या कोस्टाला फोन लावला.

“उत्तर कुठल्या फाइलीत टाकायला सांगितलंस?” त्याने विचारलं.

“ग्रेमच्या स्क्रिप्टमध्ये असेल तिच्यात.”

“ग्रेमला जाऊन तीन वर्षं झाली, बाई.”

होबार्ट शहरातल्या त्या संशोधन संस्थेच्या इमारतीत महासंगणकाला काम सांगायला सगळे ग्रेमचीच स्क्रिप्ट वापरत. विरजणासारखी ती या टेबलावरून त्या टेबलावर गेली होती. वर त्याची सूचना होती : ‘पहिल्या दहा ओळींना हात लावू नये.’ कुणी लावला नव्हता. उत्तर कुठे लिहायचं, हे त्या दहा ओळींतच होतं. त्यामुळे सगळ्या इमारतीची उत्तरं ग्रेमच्या एकाच फाइलीत जात, आणि ज्याचं काम शेवटी संपे त्याचं उत्तर आधीच्याचं पुसून टाकी. चुकांचे संदेश तर ग्रेमने परस्पर कचऱ्यात वळवले होते. स्क्रिप्ट लाडकी होती ती त्यामुळेच. तिच्यात कधी चूक निघत नसे.

“माझ्यानंतर कुणाचं काम संपलं?”

“तिसऱ्या मजल्यावरच्या डेस्मंडचं. सकाळी नऊला. वीस मिनिटांत उरकलं.”

डेस्मंड डर्वेंट नदीच्या तळावर पंजांनी चालणारे हातमासे मोजायचा. मासे संपत आले होते. डेस्मंडही फार उरलेला वाटत नसे. मेरेन जिना चढून त्याच्याकडे गेली.

“गेल्या साली माझे मासे दशांशात आले होते,” तो शांतपणे म्हणाला. “चौऱ्याहत्तर पूर्णांक तीन. म्हटलं, एखादा अर्धा खाल्लेला असेल.”

“अरे, मग बोलायचं नाही का?”

“कुणाला? ग्रेमला?”

त्याने भिंतीवरचा आपला आलेख उतरवून तिच्या हातात दिला. माणूस सांत्वनाला येतो तसा जिन्यापर्यंत सोबत आला, आणि परत गेला.

अकराला पाच कमी होते. आपलाच गेल्या वर्षीचा आलेख नव्या तारखेने दाखवला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. जिना उतरताना मेरेनने हा विचार दोनदा केला. मग आत जाऊन सरळ सांगितलं, “तीन वर्षं मी तुम्हाला बर्फ म्हणून बहुधा मासेच दाखवले. यंदाचा खरा बर्फ पुसला गेलाय. पुन्हा मोजायला अकरा दिवस लागतील.”

समितीच्या अध्यक्ष आयलीनबाईंनी चष्मा पुसला. मेरेनचा जुना आलेख आणि डेस्मंडचा आलेख त्यांनी एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. दोन रेषा जवळजवळ एकच झाल्या.

“दोन्ही खालीच चाललेत.”

“हो.”

“तुझ्या आलेखांवरून या तीन वर्षांत आम्ही काय केलं? नीट आठवून सांग हं.”

मेरेनने नीट आठवलं. “काहीच नाही.”

“मग नुकसानही काही नाही,” आयलीनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मुदतवाढीवर सही केली.