उतरलेली चार माणसं

कारकुनाने ‘खांबेटे’ हे आडनाव ‘कंबाटी’ असं लिहिलं होतं. त्यामुळे चैत्रालीचे तीन महिने गेले. कोलकात्यात न्यू टाउनच्या ऑफिसातून घरी आलं की ती जुन्या आगबोटींच्या उतारूंच्या याद्या कॉम्प्युटरवर चाळत बसायची. शेवटी फेब्रुवारी १९४२ मध्ये रंगूनहून कोलकात्याला आलेल्या एका बोटीच्या यादीत ते नाव सापडलं.

रविवारी दुपारी ती कागद छापून घेऊन बालीगंजला प्रभाकरराव खांबेट्यांकडे आली. प्रभाकरराव म्हणजे तिच्या आजीचे थोरले भाऊ. पुढच्या महिन्यात त्यांना नव्वद वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी घराण्याची छोटी पुस्तिका सगळ्यांना वाटायची, असं तिच्या मनात होतं. आजी, मंदाकिनीबाई, आधीच येऊन चहा घेत बसल्या होत्या.

चैत्रालीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “सदाशिव कंबाटी, वय चौतीस, तार ऑफिस. बायको कालिंदी, सत्तावीस. प्रभाकर, सात. मंदाकिनी, एक. सगळे आहात तुम्ही.” मग ती हसली. “आणि आजी, मजा बघ. तुझ्या नावावर लाल रेघ आहे. पुढे लिहिलंय, नऊ तारखेला प्रवासात मृत्यू. तुला मारूनच टाकलं त्यांनी.”

“मग चाळीस वर्षं शाळेत गणित कोणी शिकवलं?” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

प्रभाकरराव हसले नाहीत. “हे छापू नकोस,” ते म्हणाले.

“अहो मामाआजोबा, चूक आहे ती. इथे धक्क्यावर केलेली दुसरी लिस्ट आहे, तिच्यात बरोबर आहे. आईवडील, मुलगा, मुलगी. चार माणसं उतरली.”

“छापू नकोस म्हटलं ना.”

मंदाकिनीबाईंनी चष्मा लावला आणि कागद स्वतःकडे घेतला. रेघ पट्टीने मारलेली होती. पुढे तारीख, वेळ, ताप हे कारण, आणि खाली कुणाची तरी सही.

“दादा, चूक अशी नसते,” त्या म्हणाल्या. “वेळसुद्धा लिहिलीय. सकाळी सात.”

प्रभाकररावांनी पंख्याकडे पाहिलं, मग दाराकडे. त्या घरातून उठून जायला त्यांना कुठे जागा नव्हती.

“डेकवर आमच्या शेजारी एक बाई होती,” ते म्हणाले. “एकटीच. कडेवर मूल. बोटीवर तापाची साथ होती. तिसऱ्या दिवशी ती बाई गेली. तिचं मूल रडत राहिलं. आई आधी मंदाला पाजायची, मग त्याला. दोन दिवसांनी मंदा गेली.”

मंदा म्हणताना त्यांनी समोर बसलेल्या बहिणीकडे पाहिलं नाही.

“आईने मंदाला खलाशांच्या हातात दिलं, आणि वळून त्या मुलीला पदराखाली घेतलं. धक्क्यावर कारकुनाने माणसं मोजली. मुलीचं नाव विचारलं. बाबांनी मंदाकिनी सांगितलं.”

“ती बाई कोण होती?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

“माहीत नाही. आमच्याशी बोलायची, पण भाषा कळायची नाही. बाबा म्हणायचे, तेलुगू असावी.”

“नाव मिळेल,” चैत्राली घाईने म्हणाली आणि कागद उलटू लागली. “तिसरा दिवस म्हणजे सात तारीख.” सात तारखेला अकरा माणसं गेली होती. त्यांतल्या तीन नावांच्या जागी नुसतं ‘स्त्री, डेक’ असं होतं. त्यांच्याबरोबरच्या मुलांचा उल्लेख कुठेच नव्हता. तिने कागद सारखे केले आणि मांडीवर उपडे ठेवले.

मंदाकिनीबाईंनी विचारलं, “माझा वाढदिवस?”

“तिचा.”

“म्हणजे मला चौऱ्याऐंशी पूर्ण आहेत की नाहीत, तेही नक्की नाही.”

“तू तिच्याएवढीच दिसायचीस.”

“तिच्यासारखी दिसायचे?”

प्रभाकररावांनी मान हलवली. “नाही.”

“मला सांगावंसं वाटलं नाही कधी? आई गेली तेव्हा? माझं लग्न ठरलं तेव्हा?”

“आईने शपथ घातली होती. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, मंदा गेलेली नाही, कळलं? ही बघ मंदा. मी सात वर्षांचा होतो. मग रडायचं तरी कोणासाठी? तू समोर रांगत होतीस. पुढे मोठी झालीस, मला राखी बांधायला लागलीस. तुझ्यादेखत मी तिच्यासाठी कसा रडणार होतो?”

मंदाकिनीबाईंनी चष्मा काढून ठेवला. खुर्चीच्या हाताला धरून त्या उठल्या.

“मी आतल्या खोलीत बसते जरा.”

“आजी, मी येऊ?”

“नको. तू त्याच्यापाशी थांब.” भावाच्या खुर्चीजवळून जाताना त्या क्षणभर थबकल्या. “मी समोर नसले की रड तू.”

आत जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं. कडी लावली नाही. चैत्राली मांडीवरचे कागद धरून तशीच बसून राहिली.

बऱ्याच वेळाने प्रभाकररावांनी अगदी हळू हाक मारली. “मंदा.”

आतून ओ आली नाही.