वासाची वर्दी

पलीकडच्या राज्यात कंप्रेसर बंद पडला आणि इकडे वासूकाकांचं जेवण लांबलं. गॅसच्या मोठ्या लाइनचं असंच असतं. शेकडो मैलांवरून, दोन-तीन राज्यं ओलांडून गॅस येतो, वाटेत ठिकठिकाणचे कंप्रेसर त्याला पुढे ढकलतात, आणि त्यातल्या एकाने जरी मान टाकली की पुढच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. प्रेशर सावरेपर्यंत जागा सोडू नका, असा कंट्रोल रूमचा हुकूम होता.

काकांची जागा म्हणजे शहराच्या वेशीवरचं स्टेशन. लाइनमधून येणाऱ्या गॅसला कसलाच वास नसतो. इथे त्याचं प्रेशर उतरवायचं, गळती झाली तर माणसाला कळावं म्हणून त्यात घाणेरड्या वासाच्या औषधाचे थेंब सोडायचे आणि मग तो घराघरातल्या शेगड्यांकडे पाठवायचा. थेंब सोडायचं काम काकांचं. त्यांचं नाव काही वासू नव्हे, पण खरं नाव आता फक्त पगाराच्या वेळी कुणाला तरी आठवतं. कितीही साबण लावा, सडक्या अंड्यांचा तो वास अंग सोडत नाही. बायकोने त्यांचं पुढच्या दाराने येणंच बंद करून टाकलं होतं. मागच्या दाराने थेट न्हाणीघरात जायचं, मग बाकीचं बोलणं.

केबिनमधून त्यांनी घरी फोन लावला. बायकोने उचलला.

"अगं, मला आज उशीर होईल. तुम्ही दोघी जेवून घ्या."

ती हसली. "फोन न्हाणीघरात नेलात की काय?"

"कुठलं न्हाणीघर? मी स्टेशनवर आहे."

"काहीतरीच तुमचं. मघाशीच आलात की. शिलाई मशीनवर बसल्या जागी वास आला मला. आज तर जरा जास्तच आहे."

काका खुर्चीतून उठले.

"आई कुठाय?"

"स्वयंपाकघरात. तुम्ही आलात म्हणून जेवण गरम करायला उठल्या."

काकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"तिला काडी ओढू देऊ नकोस. कुठल्या बटणाला हात लावू नकोस. फोन तिथेच टाक, तिला धर आणि बाहेर पड."

फोन आपटल्याचा आवाज आला. धावती पावलं. "आई, थांबा," एवढं ऐकू आलं आणि मग काहीच नाही.

काचेपलीकडे शहराकडे जाणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह दिसत होता. काकांचा जीव तिकडे धावला आणि तिथेच थांबला. इथे बंद केला तरी घरापर्यंतच्या पाइपांत भरलेला गॅस तासन्‌तास पुरतो. आजवर ओळखीपाळखीच्यांना त्यांनी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की आमच्याकडे काही झालं तरी तुमची शेगडी लगेच विझायची नाही.

दुसरा फोन वाजला. तो त्यांनी दुसऱ्या कानाला लावला.

"प्रेशर किती आहे, काका?" कंट्रोल रूम विचारत होती.

काटा समोर होता. आकडा दिसत होता. तो तोंडातून बाहेर पडत नव्हता. सकाळी थेंब आपणच सोडले, आणि नेमके सोडले, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. वासाने आपलं काम चोख केलं होतं. घरात जाऊन वर्दी दिली होती. पण त्या घरात या वासाला कुणी भीत नव्हतं. तो आला की पान वाढायला घेत.

"काका, ऐकताय ना? प्रेशर?"

आणि मग घरच्या फोनमध्ये, खूप लांबून, रस्त्यावरूनच असावा, म्हातारीचा चिडलेला आवाज आला.

"अगं, पण तो जेवायचाय ना अजून!"

काका खुर्चीत बसले. त्यांनी कंट्रोल रूमला आकडा सांगितला. मग गळतीची गाडी पाठवायला सांगितली आणि पत्ता दिला. पत्ता कुणाचा, हे पलीकडच्याला दोनदा विचारावं लागलं.

बदली माणूस यायला संध्याकाळ झाली. तोवर फिटर शेगडीची फाटकी नळी बदलून गेला होता. काका घरी आले आणि सवयीने मागच्या दाराकडे वळले. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर त्यांनी चपला काढल्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं.

आता नेहमीसारखं "आलात? पाणी काढलंय" ऐकू येईल म्हणून काका थांबले.

"आई," बायको आत म्हणाली, "उठा. बाहेर चला."