उतारावरचे शंभर डबे

"हात मांडीवर ठेवून बसायचं," प्रेस्कॉटने मार्लिसला बजावलं. "नियम आहे म्हणून केबिनमध्ये माणूस. इंजिन माझी ही रिमोटची पेटी चालवणार, मनोऱ्यातून."

"बसते की," मार्लिस म्हणाली आणि इंजिनाकडे निघाली. बावीस वर्षं ती याच डिझेल इंजिनाने मालगाड्या यार्डातल्या टेकाडावर ढकलत आली होती. माथ्यावर डबे एकेक करून सुटत आणि उताराने आपापल्या रुळावर घरंगळत जात. ढकलताना जरा जोर झाला की खाली आपटत. आज पेटी पास झाली, तर उद्यापासून मार्लिस घरी.

नेब्रास्कातला जानेवारी होता. यार्डाच्या मनोऱ्यात सिग्नलवाल्या डेल्बर्टने आपलं सँडविच हीटरवर ठेवलं. थंडीने बॅटरी बसते म्हणून प्रेस्कॉटने पेटीची बॅटरीही शेजारी शेकत ठेवली. तेवढ्यात सुपरिंटेंडंट हॉल्व्हर्सन अर्धा तास आधीच टपकले.

"शंभर डबे. एकही न आपटता जो उतरवेल, त्याचं इंजिन," ते म्हणाले. "माणूस की यंत्र, मी विचारणार नाही. चला, आटपा!"

प्रेस्कॉटने घाईघाईने पेटी गळ्यात अडकवली आणि तिच्यावरची मूठ फिरवली. डेल्बर्टने हिरवा दिवा लावला.

"दिवा कुणासाठी?" प्रेस्कॉट म्हणाला. "पेटीला डोळे नाहीत."

"सवय, साहेब. हात राहत नाही."

इंजिन क्षणभर तसंच उभं राहिलं. मग हललं.

"आता हळू," म्हणत प्रेस्कॉट मूठ फिरवायचा, डेल्बर्टचा हात पिवळ्या दिव्याकडे जायचा, इंजिन संथ व्हायचं. चाळीस झाले, ऐंशी झाले. खाली डबे एकमेकांना अलगद टेकत होते. शंभरावा टेकला आणि मनोऱ्यात टाळ्या पडल्या.

हॉल्व्हर्सननी वायरलेस उचलला. "मार्लिस, नुसती बसून कंटाळली असशील?"

"छे हो, साहेब! मस्त गेला वेळ. शब्द पाळणार ना पण?"

"पाळणार म्हणजे काय! ज्याने उतरवले, त्याचंच इंजिन. हे बघ, सहीसुद्धा केली."

प्रेस्कॉट छाती फुगवून सगळ्यांशी हात मिळवत सुटला. डेल्बर्टला ते बघवेना. मार्लिसच्या काळजीने त्याची भूकच मेली होती, तरी तो सँडविच घ्यायला हीटरकडे वळला. परत आला तो हसू दाबत.

"प्रेस्कॉटसाहेब," तो म्हणाला, "तुमची बॅटरी झकास शेकलीय. आता घालायची का पेटीत?"